गुऱ्हाळाचं चिपाड आणि प्लेटिंगचं पाणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय वाटले गेले तेव्हा आमच्या वर्गाचे सरळ दोन गट पडले. एक नॅनोकण करणाऱ्यांचा आणि दुसरा शेतीतल्या टाकाऊ मालाने पाणी शुद्ध करणाऱ्यांचा. मी दुसऱ्यात गेले. कारण फार उदात्त नव्हतं. नॅनोकण भाजायला लागणारी कॉलेजातली मफल भट्टी दुरुस्तीला गेली होती आणि चिपाड मात्र घरामागेच मिळत होतं. करवीर तालुक्यात राहणाऱ्याला चिपाडासाठी हिंडावं लागत नाही. दिवाळी उलटली की गुऱ्हाळं पेटतात आणि घाण्यातून निघालेलं चिपाड जागोजाग वाळत पडलेलं दिसतं.

या विषयावर इतक्या जणांनी काम केलंय की वाचायला बसलं की गरगरतं. भाताचं तूस, नारळाचा काथ्या, केळीची साल, मक्याची बुरकुंडं, तुराट्या, चिंचोके, चहाचा चोथा. शेतात आणि स्वयंपाकघरात जे म्हणून उरतं त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी पाण्यातलं शिसं नाहीतर क्रोमियम बसवून पाहिलेलं आहे. बहुतेकांचा निष्कर्षही सारखाच: नव्वदच्या वर टक्के धातू निघाला. हे वाचून मी खूश होते. माझे गाइड सर खूश नव्हते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "टक्के मला सांगायचे नाहीत. एक ग्रॅम चिपाडावर किती मिलिग्रॅम बसला ते सांग. आणि जो बसला नाही तो कुठं गेला, तेही सांग."

पहिली अट लगेच पटली, कारण ती साधी गणिताची आहे. लिटरला १० मिलिग्रॅम धातू असलेलं पाणी १०० मिली घेतलं तर त्यात धातू असतो सगळा मिळून १ मिलिग्रॅम. त्यात १ ग्रॅम चिपाड टाकलं आणि ९९ टक्के धातू निघाला, तरी चिपाडाची कमाई ग्रॅमला १ मिलिग्रॅमच. २ ग्रॅम टाकलं की टक्के आणखी वाढतात आणि ग्रॅममागची कमाई निम्म्यावर येते. म्हणजे टक्के हवे तेवढे वाढवता येतात, चिपाड ओतत राहिलं की झालं. दुसऱ्या अटीकडे मात्र मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

धातू म्हणून क्रोमियम घ्यायचं ठरलं, तेही सहा संयुजेचं. कोल्हापूरच्या आजूबाजूला, शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आणि मशिन शॉप आहेत, आणि जिथे मशिन शॉप तिथे प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा देणारी, छोटी युनिटं असतातच. हार्ड क्रोमच्या टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. त्यातून जॉब, म्हणजे मुलामा दिलेली वस्तू, वर काढला की अंगाला चिकटलेलं द्रावण त्याच्याबरोबर धुण्याच्या टाकीत जातं, आणि ते धुवणाचं पाणी पिवळं होतं. त्यातल्या सहा संयुजेच्या क्रोमियमला प्लेटिंगवाले नुसतं 'हेक्सा' म्हणतात. हा हेक्सा कर्करोगजनक आहे. तीन संयुजेचं क्रोमियम त्या मानाने बरंच निरुपद्रवी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी हेक्साची ०.१ आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम. हेक्साचा एक आणि एकूण क्रोमियमचा एक, या दोन वेगळ्या आकड्यांत माझ्या प्रोजेक्टचं अख्खं भांडण दडलेलं होतं, पण ते पुढे.

गुऱ्हाळावर चिपाड मागायला गेले तेव्हा मालक काकांनी आधी माझ्याकडे आणि मग पिशवीकडे बघितलं. "काय करतीस गं ह्याचं?" पाणी साफ करायचं म्हटल्यावर हसले. "न्हे की लागंल तेवढं. पण कचरा म्हणू नगंस. ह्यावरच आमचं चुलवाण चालतंय." खरंच आहे ते. गुऱ्हाळाचं सगळं जळण म्हणजे चिपाड. साखर कारखान्यात त्याच चिपाडाला बगॅस म्हणतात, त्यावर बॉयलर चालतो, वीज होते, उरलेला बगॅस कागद गिरणीला जातो. भुईमुगाच्या शेंगांची टरफलंसुद्धा आता ब्रिकेटवाले विकत नेतात. 'फुकट मिळणारा कृषी कचरा' हे वाक्य प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात असतं. आमच्या भागात तरी ते खोटं आहे. माझ्या प्रबंधात मी ते लिहिलं नाही, आणि सरांनी त्या जागी एक छोटी बरोबरची खूण केली. त्यांच्याकडून तेवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

चिपाड तयार करणं हे वाचताना एका ओळीचं काम असतं: धुऊन, वाळवून, दळून, चाळून घेतलं. हातात घेतलं की कळतं. घाण्यातून निघालं तरी चिपाडात साखर राहतेच. पहिला घाणा मी नळाच्या पाण्याने दोनदा धुऊन ट्रेमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायापासून ट्रेपर्यंत मुंग्यांची रांग. लॅबमधले मामा म्हणाले, "उकळून घ्या ताई, त्याशिवाय गोडवा जात नाही." मग मोठ्या पातेल्यात उकळायचं, पाणी ओतायचं, पुन्हा उकळायचं. पहिल्या पाण्याला चहासारखा रंग येतो, हळूहळू तो फिका होतो, पण साफ जात कधीच नाही. हा रंग नुसता दिसायला वाईट म्हणून काढायचा नसतो. चिपाडातून सुटणारी सेंद्रिय द्रव्यं पाण्यात उतरली तर धातू काढताना आपणच पाण्याची दुसरी घाण वाढवत असतो. म्हणून प्रत्येक प्रयोगात एक फ्लास्क असा ठेवायचा, ज्यात चिपाड आहे, आम्ल आहे, पण क्रोमियम नाही. त्यातून काय सुटतं ते त्यावरून कळतं.

वाळवायला गच्चीवर जुनी साडी अंथरली, मग ऑव्हनमध्ये ७० अंशांना. दळताना चिपाडाचे दोन भाग आपोआप वेगळे होतात. बाहेरचा धागेदार भाग मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो, मोटरचा वास येऊ लागतो, पातं कात्रीने मोकळं करावं लागतं. आतला मऊ गाभा पटकन भुगा होतो आणि त्याच्यावरच धातू जास्त बसतो, कारण तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. ६० मेशच्या चाळणीतून खाली पडतो तो जवळजवळ सगळा गाभाच. शेंगांच्या टरफलांचं असं काही नाही. ती खुळखुळत दळली जातात, दाणा एकसारखा पडतो आणि पाण्यात टाकल्यावर भिजून खाली बसतात. चिपाड बराच वेळ वर तरंगत राहतं. तुलनेसाठी म्हणून मी टरफलं घेतली होती, पुढे त्यांनीच जास्त साथ दिली.

धातू बसतो तो कशाने? चिपाड आणि टरफलं ज्यांची बनलेली असतात त्या सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्यावर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल आणि फिनॉलचे गट असतात. पाणी आम्लधर्मी असलं की हे गट प्रोटॉन धरून ठेवतात आणि भुग्याचा पृष्ठभाग धनभारित होतो. पाणी उदासीनतेकडे सरकलं की प्रोटॉन सुटतात आणि तोच पृष्ठभाग ऋणभारित होतो. आता हेक्सा हा पाण्यात धन आयन म्हणून नसतोच, तो क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋण आयन म्हणून असतो. त्यामुळे त्याला धनभारित पृष्ठभाग हवा, म्हणजे पीएच २ च्या आसपास. शिशाचं उलट. शिसं धन आयन, त्याला पीएच ५ मानवतो. शिशाचे प्रयोग मी टरफलांवर बाजूला चालवले होते, आणि दोन्ही धातूंचे पीएचचे आलेख एका कागदावर काढले तेव्हा एक चढता आणि एक उतरता असा फुलीचा आकार झाला. एकाच युनिटमधून दोन्ही धातू एका टाकीत एकदम काढून दाखवतो असं कुणी म्हणालं तर आधी पीएच विचारा. शिशाच्या बाबतीत पीएच ६ च्या पुढे जायचं नाही, कारण मग ते हायड्रॉक्साइड होऊन आपसूक खाली बसायला लागतं, आणि आपण ते श्रेय टरफलांना देऊन मोकळे होतो.

हेक्सा मोजायची पद्धत मात्र देखणी आहे. पोटॅशियम डायक्रोमेटचे २.८२९ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवले की लिटरला १००० मिलिग्रॅम क्रोमियमचं नारिंगी स्टॉक मिळतं. ते पातळ करत करत लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत आणलं की जेमतेम पिवळी झाक उरते. मग डायफिनिलकार्बाझाइड. २५० मिलिग्रॅम पूड ५० मिली ॲसिटोनमध्ये, तपकिरी बाटलीत. नमुन्यात सल्फ्युरिकचे थेंब टाकून हे द्रावण घातलं की जांभळटगुलाबी रंग चढतो, जास्वंदीच्या सरबतासारखा. पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. हेक्सा जितका जास्त तितका रंग गडद. हा अभिकारक तीन संयुजेच्या क्रोमियमला मात्र अजिबात दाद देत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

शेकरवर फ्लास्क लावले. पीएच २, ३, ४, ५, ६, ७. ठरावीक वेळाने थोडं पाणी काढायचं, गाळायचं, रंग आणायचा. गाळण कागदाचं एक सांगते, कारण कुणी सांगत नाही: तो कागदही सेल्युलोजच आहे, थोडा धातू तोही धरतो. पहिले काही मिली गाळून टाकून द्यायचे आणि त्यानंतरचे घ्यायचे. नुसत्या स्टँडर्डचं, म्हणजे क्रोमियम किती ते आधीच माहीत असलेलं, द्रावणही त्याच कागदातून गाळून पाहायचं.

पीएच ७ च्या फ्लास्कमध्ये रंग जवळपास होता तसाच. पीएच ४ ला थोडा उतरला. आणि पीएच २ च्या फ्लास्कमधला रंग दर वेळी फिका, फिका, आणि शेवटी जवळजवळ पाण्यासारखा. लॅबमधल्या मैत्रिणी जमा झाल्या. कुणीतरी फोटो काढला. मी आलेख घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, "गेलं कुठं?"

"चिपाडावर."

"कशावरून?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण त्यांची पद्धत अशी की ते मुलांनी शोधायचं. माझ्या वहीतच एक धागा होता. प्रत्येक फ्लास्कचा पीएच सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा लिहायची त्यांनी सक्ती केली होती, आणि पीएच ३ च्या फ्लास्कमध्ये तो शेवटी चांगलाच वर चढलेला दिसत होता. म्हणजे पाण्यातलं आम्ल कशात तरी खर्च होत होतं. हेक्साचं तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर होताना नेमकं तेच होतं: आम्लातल्या एका हायड्रोजन क्रोमेट आयनामागे सात प्रोटॉन खर्ची पडतात. इलेक्ट्रॉन येतात ते चिपाडातल्या लिग्निनकडून. आम्लात हेक्सा जबरदस्त ऑक्सिडीकारक असतो, समोर लाकडासारखा पदार्थ आला की तो त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि स्वतः तीनवर उतरतो. तीन संयुजेचा क्रोमियम धन आयन आहे, आणि पीएच २ ला पृष्ठभागही धनभारित. मग तो बसणार कशाला? थोडा बसतो, बराचसा पाण्यातच राहतो. आणि माझ्या गुलाबी रंगाला तो दिसत नाही.

आता एकूण क्रोमियम मोजणं आलं. विद्यापीठातल्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रावर नंबर लागायला वेळ होता, म्हणून सरांनी जुनी ओली पद्धत करायला लावली. नमुना नायट्रिक आणि सल्फ्युरिकमध्ये पचवायचा, मग उकळता ठेवून त्यात पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने घालायचं, म्हणजे तीनचा सगळा क्रोमियम पुन्हा सहावर चढतो. मग उरलेलं परमँगनेट सोडियम अझाइडने मोडायचं आणि नेहमीसारखा गुलाबी रंग आणायचा. अझाइड विषारी, आम्लात तर फारच, त्यामुळे हे सगळं धुराड्याखाली. परमँगनेटचा गुलाबी रंग टिकला पाहिजे अशी अट असते. नमुना नीट पचला नसेल तर चिपाडातून सुटलेली द्रव्यंच परमँगनेट खातात: थेंब टाकला की रंग येतो आणि डोळ्यांदेखत जातो, पुन्हा टाकला की पुन्हा जातो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की चिपाडाच्या पाण्यात किती ऐवज उतरलेला असतो.

आकडे आले तेव्हा हेक्साचा आलेख तळाला टेकलेला होता आणि एकूण क्रोमियमचा आलेख सुरुवातीला भराभर खाली येऊन मधेच आडवा झालेला होता. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तीन संयुजेचा क्रोमियम, जो कुठेही गेलेला नव्हता. पुढे ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर ३५७.९ नॅनोमीटरला तेच नमुने लावले, तिथेही चित्र तेच. टरफलांमध्येही अंतर होतं, पण कमी.

मला विचाराल तर हे वाईट नाही. विषारी रूपाचं कमी विषारी रूप झालं, ही गोष्ट मोठीच आहे. फक्त ती अधिशोषण, म्हणजे धातू पृष्ठभागावर बसला, म्हणून विकायची नाही. नुसता गुलाबी रंग मोजून '९९ टक्के क्रोमियम काढला' म्हणणारे निबंध मी नंतर पुन्हा वाचायला काढले. एकूण क्रोमियम मोजलाय का हे मी आता पद्धतीच्या भागात आधी शोधते. नसेल तर पुढचं वाचायची घाई करत नाही.

हे करत असताना ओळखीतून एका प्लेटिंगच्या छोट्या युनिटमध्ये जायला मिळालं. मालक दादा चांगले बोलके. त्यांनी धुवणाच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून दिलं आणि माझा प्रयोग नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "ताई, म्हणजे ते चिपाड आमच्या बायसल्फाइटचंच काम करतंय की." ते म्हणाले ते शंभर टक्के बरोबर होतं. प्लेटिंगवाल्यांची नेहमीची रीत अशीच असते: पाणी पीएच २ ते ३ ला आणायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून सहाचा तीन करायचा, मग चुना टाकून पीएच ८-९ ला न्यायचा, म्हणजे क्रोमियम हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ खाली बसतो. बायसल्फाइट हे काम काही मिनिटांत करतं. माझं चिपाड रात्रभर.

त्यांनी पुढे विचारलं, "आणि आम्ल किती लागतं?" तिथेच उभं राहून आम्ही हिशोब केला. १००० लिटर पाणी पीएच २ ला आणायचं तर, पाण्यात दुसरा काही क्षार आम्ल खाणारा नाही असं धरलं तरी, सल्फ्युरिक ॲसिड सहाशे ग्रॅमच्या आसपास. मग ते पुन्हा उदासीन करायला चुना. आणि त्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम हेक्सा असेल तर एकूण क्रोमियम झाला १०० ग्रॅम. ग्रॅममागे १० मिलिग्रॅम बसतो असं उदारपणे धरलं तरी १० किलो चिपाड लागणार, तेही उकळून, वाळवून, दळून, चाळून. दादांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

त्यांच्या खऱ्या पाण्यावर प्रयोग केले तेव्हा आकडे आणखी उतरले. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकटा डायक्रोमेट असतो. इथे सल्फेट, क्लोराइड, निकेल, थोडं तेल आणि जॉब धुण्याचा साबण. सल्फेट आणि क्लोराइडही ऋण आयनच, जागा तेही अडवतात. तेलाचा थर बसलेला भुगा तर भिजतच नाही. बोअरच्या पाण्यात शिसं घालून टरफलांवर चालवून पाहिलं, तिथे कॅल्शियमने तेच केलं. खऱ्या पाण्याचा प्रयोग प्रोजेक्टच्या शेवटी एका तक्त्यापुरता करायची पद्धत आहे. माझं मत असं झालंय की सुरुवात त्याने करावी, म्हणजे कुठे मेहनत घ्यायची ते लवकर ठरतं.

मग आम्ही प्रश्नच बदलला. पिवळंधमक पाणी चिपाडाला द्यायचं नाही. ते बायसल्फाइट आणि चुन्यालाच राहू दे. गाळ बसल्यावर वरच्या निवळ पाण्यात लिटरला थोडे मिलिग्रॅम तीन संयुजेचा क्रोमियम, निकेल, जस्त असे धन आयन उरतात. ते पाणी आधीच उदासीनतेच्या जवळ असतं, म्हणजे आम्ल ओतायला नको. तिथे टरफलांचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि धातू धनभारित. शेवटची शिल्लक उचलायला टरफलं ठेवायची. यासाठी पीव्हीसीच्या पाइपचा कॉलम केला, खाली काचलोकर, वर टरफलांचा जाडसर भरडा. आधी चिपाडाचा भुगा भरून पाहिला होता. तो भिजून फुगला, दाबला गेला आणि थेंब गळायचा बंद झाला. शेवटी वरून पाण्याचा दाब दिला तर एका कडेने वाट करून पाणी तसंच खाली आलं, भुग्याला न शिवता. टरफलांच्या भरड्यातून पाणी शांत उतरत राहिलं. टरफलं सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवून, वाळवून, १२० अंशांना ऑव्हनमध्ये ठेवली तर सेल्युलोजवर जादा कार्बोक्सिल गट जोडले जातात, आणि निकेल-शिसं धरायची ताकद खरोखर वाढते. फक्त नंतर सुटं आम्ल निघून जाईपर्यंत धूत बसावं लागतं, नाहीतर कॉलममधून निघणाऱ्या पहिल्या पाण्याचा पीएच पाहून धडकी भरते. दिवाळीच्या सुट्टीत ओला राहिलेला एक कॉलम उघडला तर आत राखाडी बुरशी धरली होती. सेंद्रिय माल म्हटला की तेही आलंच.

आता वापरलेल्या भुग्याचं. धातू पाण्यातून काढून चिपाडावर आणला म्हणजे तो संपला नाही, त्याने फक्त जागा बदलली. शिसं आणि निकेल पातळ आम्लाने बरंचसं परत सुटतं, टरफलं पुन्हा वापरता येतात, दर वेळी ताकद थोडी उतरते. क्रोमियम असा सुटत नाही. कॉस्टिकने धुतलं तर न बदललेला हेक्सा थोडा निघतो, तीन संयुजेचा घट्ट बसून राहतो. लॅबमध्ये अशा भुग्याची बरणी भरत आली तेव्हा मामा सहज म्हणाले, "जाळून टाका की, चिपाडच तर आहे." गुऱ्हाळावरही कुणी हेच म्हणेल. आणि हेच करायचं नाही. चिपाडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियम असतं, म्हणजे अल्कली. तीन संयुजेचा क्रोमियम अल्कलीबरोबर हवेत तापवला की त्याचा पुन्हा हेक्सा होतो. कारखान्यात क्रोमेट बनवतात ते तसंच, क्रोमाइटचं खनिज सोडा ॲशबरोबर हवेत भाजून. कानपूरजवळ रानियाला क्रोमियमच्या कचऱ्याचे जे ढीग वर्षानुवर्षं भूजल नासवत राहिले, ते अशाच कारखान्यांचे. म्हणजे महिनाभर खपून जे सहाचं तीन केलं, ते चुलवाणात घालून पुन्हा सहा करायचं, आणि ती राख शेतात टाकायची. असा भुगा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जायला हवा. १०० ग्रॅम क्रोमियम काढायला १० किलो भुगा वापरला, तर केंद्रात वजन भरायचं १० किलोचं, तेही कोरडं धरून. चुन्याच्या गाळाशी तुलना करायची तर इथून करायला हवी. चिपाडाच्या खरेदीच्या दरावरून केली तर ती अर्धवट राहते.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अधिशोषणाची लॅंगम्युअर आणि फ्रॉइंडलिशची समीकरणं विचारली, लॅंगम्युअरचं साल विचारलं (१९१८), आणि मग दोन रेघांच्या त्या आलेखावर बराच वेळ थांबले. "एकूण क्रोमियमचा आकडा इतका वर दाखवल्यावर तुमच्या पद्धतीत उरलं काय?" असं त्यांनी विचारलं. मी कॉलमचं पान उघडून दाखवलं: उदासीन पाणी, कमी धातू, टरफलं, आम्ल शून्य. त्यांना ते पुरेसं वाटलं की नाही कळलं नाही, पण पुढचा प्रश्न वापरलेल्या टरफलांच्या वजनाबद्दल होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

यंदा सरांकडे आलेली मुलगी निकेल घेऊन बसली आहे. चिपाड तिने घेतलंच नाही, टरफलं सायट्रिकमध्ये भिजत घातली आहेत, आणि सरांनी तिला डिस्टिल्ड वॉटरऐवजी तिच्या गावच्या विहिरीच्या पाण्यावर सुरुवात करायला लावली आहे. पाणी जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं, आहे, त्यामुळे आकडे माझ्यापेक्षा कमीच येणार. परवा तिने मला फोन करून विचारलं की मुंग्यांचं काय केलं होतं. टरफलांना मुंग्या लागत नाहीत म्हटलं, पण भिजवलेल्या बादलीवर झाकण ठेव.